रक्तातून थेट सीओटू काढणारं यंत्र : सीओपीडीच्या रुग्णाला लावावं का?

अबोली

मंडळी, हा धागा काढायला दोन महिने उशीर झालाय. त्या रात्री मला जे कळायला हवं होतं ते आत्ता कुठे थोडं थोडं कळतंय. दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर त्यांना निदान शब्दांच्या अर्थापासून सुरुवात करावी लागू नये, म्हणून सगळं लिहिते आहे.

बाबा ७१ वर्षांचे. सीओपीडीला, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागायच्या जुनाट आजाराला, चौदा वर्षं झाली. सिगारेट सुटून दहा वर्षं झाली, पण व्हायचं ते नुकसान आधीच होऊन गेलं होतं. दोन पंप आणि रात्री घरी ऑक्सिजन, असं चाललं होतं. या वेळी साध्या सर्दीचं निमित्त झालं. दोन दिवस धाप वाढत गेली आणि तिसऱ्या दिवशी धाप कमी झाल्यासारखी वाटली. आम्हाला बरं वाटलं. खरं तर ते दमले होते, श्वास ओढायची ताकदच संपत आली होती. हाक मारली की डोळे उघडायचे, "हं" म्हणायचे आणि पुन्हा मिटायचे. डॉक्टरांनी हात समोर ताठ धरायला सांगितले तर दोन्ही पंजे मनगटातून फडफडत होते. रक्तातला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, चढला की असं होतं, हे तिथे कळलं.

पहिल्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच, म्हणजे रक्ताच्या आम्लतेचा आकडा, ७.२१ आणि सीओटू ९४. लगेच बायपॅप लावला, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. तीस तास झाले तरी सीओटू ८८ च्या खाली येईना. रात्री दोनच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तीन पर्याय सांगितले. मास्कवर अजून थोडं थांबायचं. किंवा घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा. किंवा मानेतल्या अथवा मांडीतल्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर घ्यायचं, एका मेंब्रेनमधून (कृत्रिम पडद्यातून) फिरवायचं, त्यातला सीओटू काढून टाकायचा आणि रक्त परत आत सोडायचं. "डायलिसिस असतं ना, तसंच. फक्त किडनीऐवजी फुप्फुसासाठी," असं म्हणाले. विचार करायला तासभर दिला.

त्या तासात आम्ही भावंडं एकमेकांशी काय बोललो ते मला नीटसं आठवतही नाही. भाऊ म्हणत होता, नळी टळत असेल तर लावूया. आई एवढंच विचारत होती की बाबांना विचारलं का. आणि बाबांना विचारायची सोय उरली नव्हती.

शेवटी यातलं काहीच करावं लागलं नाही. रात्रपाळीच्या सिस्टर मास्क नीट करायला आल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाबांच्या गालाजवळ हात धरला. म्हणाल्या, "इथून सगळी हवा निसटतेय." बाबांची कवळी दाखल करताना काढून आमच्याकडे डबीत दिली होती. कवळी नसल्यामुळे गाल आत गेले होते आणि मास्कची कड टेकतच नव्हती. त्यांनी डॉक्टरांना विचारून कवळी परत बसवली, मास्क एक माप मोठा घेतला, नाकाच्या हाडावर जिथे कातडी सोलवटली होती तिथे मऊ पट्टी लावली. डॉक्टरांनी दाब वाढवला. पहाटे पाचच्या एबीजीत पीएच ७.२९ आणि सीओटू ७४. दुपारी बाबांनी माझं नाव घेतलं. आता ते घरी आलेत.

म्हणजे निर्णय टळला, घेतला गेला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हे पुन्हा होऊ शकतं. तेव्हा जाणकारांना विचारायचंय की हे यंत्र नेमकं काय करतं, काय करत नाही, आणि कुणाला लावण्यात अर्थ आहे.

पहाटवारा

वाचताना पोटात गोळा आला. बाबा घरी आले हे वाचून सुटल्यासारखं झालं. सासऱ्यांचं असंच आहे, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रातपाळी

अबोलीताई, मी आयसीयूत काम करतो, या यंत्रावरचे रुग्ण हाताळले आहेत. सविस्तर लिहितो, कारण त्यामागचं शरीरशास्त्र एकदा समजलं की पुढचे प्रश्न आपसूक सोपे होतात.

फुप्फुसाची कामं दोन. ऑक्सिजन आत घेणं आणि सीओटू बाहेर टाकणं. आपण दोन्ही एकाच श्वासात करतो म्हणून ती एकच वाटतात, पण रक्तात त्यांचा कारभार अगदी वेगळा आहे. ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर बसून येतो आणि तिथल्या जागा मोजक्या असतात. शिरेतलं रक्तसुद्धा साधारण ७० ते ७५ टक्के भरलेलंच असतं, त्यामुळे एक लिटर रक्तात फार तर ४० ते ६० मिलिलिटर ऑक्सिजन आणखी मावतो. म्हणून ऑक्सिजन बाहेरून द्यायचा तर मिनिटाला चार-पाच लिटर रक्त फिरवावं लागतं. त्याला एकमो म्हणतात. त्याच्या नळ्या जाड आणि सगळा पसारा मोठा.

सीओटूचं उलट आहे. तो बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात रक्तात विरघळलेला असतो आणि त्याचा साठा प्रचंड असतो. शिरेतल्या एक लिटर रक्तात जवळपास ५०० मिलिलिटर. शरीर मिनिटाला सीओटू बनवतं सुमारे २०० ते २५० मिलिलिटर. म्हणजे कागदावर पाहिलं तर अर्धा लिटर रक्त पूर्ण धुऊन काढलं तरी मिनिटाचा सगळा सीओटू निघाला. शिवाय तो पडद्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहज आरपार जातो. त्यामुळे मिनिटाला ३०० मिलिलिटर ते दीड लिटर इतक्या कमी प्रवाहावर हे काम चालतं. नळी एकमोपेक्षा बारीक लागते, जवळपास डायलिसिसच्या कॅथेटरएवढी.

पण कागद वेगळा आणि खाट वेगळी. ४००-५०० मिलिलिटर प्रवाहाची यंत्रं प्रत्यक्षात मिनिटाला ८० ते १०० मिलिलिटर सीओटू काढतात. एकूण भाराच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत. उरलेलं काम रुग्णाच्या फुप्फुसालाच करायचं असतं.

आता सीओपीडीत एवढा तिसरा हिस्सा का मोलाचा? या आजारात हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ लागतो. श्वास वेगाने घेतला की आधीची हवा बाहेर पडायच्या आत दुसरी आत येते. छाती फुगत जाते, छातीखालचा श्वासाचा स्नायू म्हणजे पडदा सपाट होतो, आणि सपाट पडद्याला जोर लावता येत नाही. मग माणूस आणखी वेगाने श्वास घेतो आणि आणखी अडकतो. सीओटूचा थोडा भार बाहेरून उचलला तर श्वासाचा वेग उतरतो, हवा निघायला सवड मिळते आणि हे चक्र तुटतं. १९७७ साली थिओडोर कोलोबॉ आणि लुचियानो गात्तिनोनी यांनी कोकरांवर हे दाखवलं होतं. बाहेरून जितका सीओटू काढला तितका कोकरांचा श्वास मंदावला, आणि सगळा काढला तेव्हा कोकरं श्वास घ्यायचीच थांबली. ऑक्सिजन तेवढा वेगळा पुरवत होते. मला आजही त्या प्रयोगाचं नवल वाटतं. आपल्याला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः सीओटू, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

अबोली

रातपाळी, मनापासून आभार. दोनदा वाचलं. म्हणजे त्या रात्री बाबांना "ऑक्सिजनचं मशीन" लावणार आहेत असं भाऊ सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत होता, ते चूकच होतं तर. एक विचारते. सीओटू काढला म्हणजे गुंगी उतरली, श्वास सुधारला. मग धोका कुठे आहे?

टिपूस

धोक्याचं मी सांगते. मी पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे ही यंत्रं लावणं आणि चालवणं हेच माझं काम.

रक्त शरीराबाहेर प्लास्टिकला लागलं की गोठायला लागतं. ते गोठू नये म्हणून हेपरिन सतत द्यावं लागतं. प्रवाह जितका कमी तितकी गोठायची ओढ जास्त, आणि इथे प्रवाह कमीच असतो. म्हणजे ज्या गुणामुळे यंत्र छोटं झालं त्याच गुणामुळे गुठळी होते. हेपरिन कमी पडलं तर मेंब्रेन बंद पडतो, आणि त्यातलं रक्त परत न मिळता वाया जातं. जास्त झालं तर नळीच्या जागेतून, पोटातून, आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव. प्लेटलेट उतरतात. पंपात तांबड्या पेशी फुटतात, मग लघवी गडद होते. मी पाळीवर आले की यंत्राच्या आकड्यांच्या आधी लघवीच्या पिशवीचा रंग बघते.

एक छोटी गोष्ट, नातेवाईक नेहमी विचारतात म्हणून. मेंब्रेनमध्ये हजारो पोकळ धागे असतात, केसासारखे. धाग्यांच्या आतून वायू वाहतो आणि बाहेरून रक्त. रक्त गरम आणि ओलसर, त्यामुळे धाग्यांत वाफेचं पाणी साचतं आणि सीओटू निघणं मंदावतं. मग आम्ही काही सेकंद वायूचा जोर वाढवतो. तोंडाशी पाण्याचे थेंब टपटपतात आणि परत सुरळीत चालतं. ते पाणी पाहून एका मुलीने घाबरून मला विचारलं होतं, "हे वडिलांच्या फुप्फुसातलं पाणी आहे का?" नाही. ती फक्त वाफ. पण तिला ते आधीच कुणी सांगायला हवं होतं, आणि त्या "कुणी"त मीही आले.

दुसरं असं की वायू एकदम पूर्ण सोडत नाही, पायरीपायरीने वाढवतो. या रुग्णांचं शरीर वर्षानुवर्षं चढ्या सीओटूला सरावलेलं असतं आणि किडनीने बायकार्बोनेट साठवून ठेवलेलं असतं. सीओटू धाडकन उतरवला तर पीएच उलट्या बाजूला जातो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. सीओटू ४० वर आणायचाच नसतो. त्या माणसाचा नेहमीचा आकडा असेल तिथवर न्यायचा. म्हणून आजार नसतानाची एखादी जुनी एबीजी घरी असेल तर ती फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा. आम्हाला तिचा खूप उपयोग होतो.

उंबरठा

मी स्वतः सीओपीडीचा रुग्ण. नळी घालून सहा दिवस व्हेंटिलेटरवर होतो, त्याला चार वर्षं झाली. अबोली, तुमच्या घरात नळीची जी धास्ती आहे ती आमच्याकडेही होती. "एकदा व्हेंटिलेटरवर गेला की सुटत नाही" हे माझ्या बायकोला निदान दहा जणांनी ऐकवलं. मी सुटलो. निमित्त न्यूमोनियाचं होतं, तो बरा झाला आणि नळी निघाली. त्रास झाला हे खरं. घसा, हातापायांतली ताकद जाणं, आणि बोलता न येणं. बोलता न येणं मला सगळ्यांत जड गेलं. पाटीवर लिहायला दिलं तर अक्षरंच उमटेनात.

हे सांगायचं कारण असं की नळी टाळण्यासाठी काहीही करू, असं म्हणायच्या आधी थोडं थांबा. नळीही औषधासारखी आहे, कधी लागते.

कोरांटी

वर सगळे धोकेच लिहिले गेलेत म्हणून दुसरी बाजू मांडते, कारण माझा भाऊ या यंत्रामुळे आज आहे असं मी मानते.

भाऊ ३४ चा. लहानपणापासून श्वासनळ्या रुंद होऊन कफ साचायचा आजार. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव होतं. वाट बघताना सीओटू १०० च्या वर गेला आणि बायपॅप पुरेना. नळी घातली असती तर हातपाय गळाले असते आणि कदाचित यादीतलं नावही गेलं असतं. मानेत कॅथेटर घालून हे यंत्र लावलं. तो जागा होता. बोलत होता, स्वतःच्या हाताने घास घेत होता. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने त्याला खाटेशेजारी उभं केलं. एक सिस्टर नुसती नळी धरून उभी. दहा पावलं जागच्या जागी. नवव्या दिवशी फुप्फुसं मिळाली.

मग "धोका आहे, धोका आहे" असं म्हणून लोकांना घाबरवायचं का? आम्ही घाबरलो असतो तर?

रातपाळी

कोरांटीताई, तुमच्या भावाला निरोगी आयुष्य लाभो. त्याच्याबाबत यंत्र लावणं बरोबरच होतं, आणि का बरोबर होतं हेच मला सांगायचंय. त्याला पलीकडचा काठ होता. नवी फुप्फुसं येणार होती, तोवर तग धरायचा होता. हॅनोव्हरच्या गटाने २००६ मध्ये पंपाशिवाय चालणाऱ्या यंत्रावर प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्या १२ रुग्णांचा अनुभव छापला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना फुप्फुसं मिळेपर्यंत तगवता आलं. या कामासाठी यंत्राचा उपयोग मी नाकारत नाही.

अबोलीताईंच्या बाबांचा प्रश्न वेगळा आहे. सीओपीडीचा अचानक वाढलेला जोर, मास्क पुरत नाही, मग नळी टाळायला यंत्र लावायचं का? इथे सुरुवातीचे अनुभव उमेद वाढवणारे होते. २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका पाहणीत बायपॅप पुरत नसलेल्या २१ जणांपैकी १९ जणांची नळी टळली. २०१५ मध्ये इटलीतल्या अभ्यासात यंत्र आणि मास्क मिळून दिलेल्या २५ रुग्णांत नळीची वेळ १२ टक्क्यांवर आली, तशाच इतर रुग्णांत ती ३३ टक्के होती. पण त्याच २५ जणांच्या गटात यंत्राशी निगडित १३ घटना घडल्या. बहुतेक यंत्रातला बिघाड, तिघांना रक्तस्राव, एकाची शीर फाटली. २०१६ च्या दुसऱ्या एका जर्मन अभ्यासात २५ पैकी १४ जणांची नळी टळली आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण काळजी वाटावी इतकं होतं.

हे सगळे छोटे अभ्यास, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हेत. तसे गट पाडून अमेरिकेत चाचणी झाली ती व्हेंट-अव्हॉइड. १८० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, ११३ वर थांबवली. व्हेंटिलेटरविना गेलेल्या दिवसांत फरक पडला नाही. आणि जे मास्कवर होते, म्हणजे बाबांसारखे, त्यांच्यात यंत्र लावलेल्या गटात रुग्णालयातले मृत्यू २२ टक्के झाले, न लावलेल्या गटात एकही नाही. संख्या लहान आहे, त्यावरून शेवटचा शब्द देता येणार नाही. पण मी स्वतः या आकड्यानंतर हात आवरता घेतलाय. त्याआधी मी हा पर्याय आजच्यापेक्षा जास्त उत्साहाने सांगायचो, हेही इथे प्रामाणिकपणे लिहितो.

लंडनमधल्या एका रुग्णालयात १८ जणांवर अशीच चाचणी झाली, तिचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. यंत्र लावलेल्यांचा मास्क लवकर सुटला, धापही लवकर उतरली. पण ते आयसीयूत आणि रुग्णालयात जास्त दिवस राहिले. ज्यासाठी लावलं ते साधलं, आणि तरी माणूस घरी उशिरा गेला.

कोरांटी

२२ विरुद्ध शून्य हे मला माहीत नव्हतं. "पलीकडचा काठ" हे पटलं. तरीही एक म्हणेन. ज्या माणसाने "नळी नकोच" असं स्वतः सांगून ठेवलंय त्याच्यासाठी हा एक जादा पर्याय उरतो की नाही?

रातपाळी

उरतो. अनुभवी चमू हाताशी असेल, रक्तस्रावाचा धोका कमी असेल आणि जोर वाढण्याचं कारण चार-पाच दिवसांत बरं होण्यासारखं असेल, तर मी त्यावर बोलायला तयार असतो. फक्त सुरू करतानाच ठरवावं लागतं की कितव्या दिवशी थांबायचं आणि थांबल्यावर काय करायचं. हे न ठरवता लावलं तर रुग्ण जागा असतो, बोलत असतो, आणि यंत्राशिवाय जगू शकत नसतो. अशा खाटेशेजारी मी उभा राहिलेलो आहे. ते नातेवाइकांच्या आणि रुग्णाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलं. सीओटू बाहेरून काढला की रुग्ण कमी श्वास घेतो आणि फुप्फुसातली हवेची ये-जा घटते, त्यामुळे ऑक्सिजन उलट घसरू शकतो. "मशीन लावलं तरी सॅच्युरेशन का उतरतंय?" असा प्रश्न घरचे विचारतात, त्याचं बऱ्याचदा हे उत्तर असतं.

पहाटवारा

एक भाबडा प्रश्न. डायलिसिससारखं आहे तर आठवड्यातून दोनदा जाऊन सीओटू काढून येता येत नाही का? सासऱ्यांचा सीओटू कायमच ६० च्या आसपास असतो.

टिपूस

प्रश्न भाबडा नाही, खूप जण विचारतात. युरिया दोन-तीन दिवस साठत जातो म्हणून अधूनमधून काढता येतो. सीओटू दर मिनिटाला तयार होतो. यंत्र बंद केलं की थोड्याच वेळात आकडा होता तिथे परत. म्हणून डायलिसिसची उपमा नळ्या समजून घेण्यापुरतीच ठेवायची.

कायम चढ्या सीओटूसाठी घरी काम करतो तो बायपॅप.

रातपाळी

+१. आणि त्याला चांगला आधार आहे. २०१७ साली ब्रिटनमध्ये ११६ रुग्णांची चाचणी झाली. जोर ओसरून दोन ते चार आठवडे झाले तरी ज्यांचा सीओटू ५३ च्या वर राहिला, त्यांना घरच्या ऑक्सिजनबरोबर रात्रीचा बायपॅप दिला. पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू यापर्यंतचा काळ मध्यकाने (मीडियन) १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. अबोलीताई, बाबांची एबीजी घरी आल्यावर पुन्हा केली का? नसेल तर कराच. हा धागा यंत्राबद्दल असला तरी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं.

बायपॅप हा दुय्यम उपाय आहे असं कुणी समजू नये. २००० साली ब्रिटनमधल्या १४ रुग्णालयांत २३६ रुग्णांवर वॉर्डातच मास्क लावून पाहिला, तेव्हा मृत्यू २० टक्क्यांवरून १० वर आले. सीओपीडीच्या या टप्प्यावर एवढा फरक करणारं दुसरं काही माझ्या हातात नाही. तुमच्या त्या सिस्टरनी गालाजवळ हात धरून जे केलं ते या सगळ्या यंत्रांच्या वरचं होतं. "मास्क पुरेना" असा निरोप येतो तेव्हा मी आधी गळती, दाब, कफ आणि मास्कचं माप बघतो, आणि बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं.

शिंपला

उशिरा लिहितोय. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून. माझ्या आईला रुग्णवाहिकेत पिशवीवाल्या मास्कने १५ लिटर ऑक्सिजन लावला होता. सॅच्युरेशन १००. सगळे खूश. पोहोचेपर्यंत ती उठवूनही उठेना. नाव कुणाचं घेत नाही, त्या मुलाने जीव तोडून मदत केली. पण नंतर कळलं की या आजारात सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं.

रातपाळी

शिंपला, फार महत्त्वाचं लिहिलंत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ जणांवर चाचणी झाली. रुग्णवाहिकेत मोजून ऑक्सिजन दिला तेव्हा सीओपीडी निश्चित असलेल्यांत मृत्यूचा धोका ७८ टक्क्यांनी कमी झाला. नुसती ऑक्सिजनची कळ कमी ठेवून. घरी एका कार्डावर ठळक लिहून ठेवा : "सीओपीडी, सीओटू वाढतो, सॅच्युरेशन ८८ ते ९२." आणि ते रुग्णाच्या खिशात असू द्या. ऑक्सिजन मात्र बंद करायचा नाही. मोजून द्यायचा.

अबोली

सगळ्यांचे आभार मानायला परत आले. दरम्यान तीन गोष्टी झाल्या.

एबीजी केली. सीओटू ५९. आमच्या छातीच्या डॉक्टरांनी घरी रात्रीचा बायपॅप सुरू केलाय. पहिले चार दिवस बाबांनी मास्क दोन-दोन तासांत ओढून काढला. पाचव्या रात्री सलग साडेपाच तास ठेवला. सकाळी म्हणाले की डोकं दुखत नाहीये, बऱ्याच महिन्यांनी. सकाळची ती डोकेदुखीसुद्धा सीओटूमुळे असू शकते, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

कार्ड केलं. ८८ ते ९२. एक खिशात, एक दाराच्या आतल्या बाजूला. कवळीची डबी आता इमर्जन्सीच्या पिशवीत असते आणि तिच्यावर आईने चिठ्ठी चिकटवली आहे : "मास्क लावताना कवळी घालणे."

तिसरी गोष्ट अवघड होती. उंबरठा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मग बाकीचाही धागा दाखवला, आकड्यांसकट. वाटलं होतं त्यांना त्रास होईल. ते शांतपणे ऐकत होते. २२ विरुद्ध शून्य ऐकून म्हणाले, "मग त्या रात्री तुम्ही हो म्हणाला असतात तर?" मी म्हटलं, "माहीत नाही बाबा." थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग त्यांनी विचारलं की ते यंत्र लावल्यावर बोलता येतं का. येतं म्हटलं. आणि नळी घातल्यावर? नाही म्हटलं, पण ती काढली की येतं. त्यांनी फाइल मागून घेतली, डिस्चार्ज कार्डाची मागची कोरी बाजू काढली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर थोडं हललंय, पण वाचता येतं. त्यांची परवानगी घेऊन इथे उतरवते :

"मास्क लागेल तितके दिवस. कारण बरे होण्यासारखे असेल तर नळी चालेल, दहा दिवस. गळ्याला भोक पाडायचे नाही. रक्ताचे यंत्र आधी मला विचारून. मी शुद्धीत नसेन तर नको."

खाली सही केली, तारीख घातली. आईने वाचलं, आणि आपलीही सही खाली केली.